बावन्न कोटी वर्षांचा थोरला

३ नोव्हेंबर, सोमवार

दगड आले. विमानतळावरून ट्रक निघाल्याचा सोमनाथचा मेसेज सकाळीच होता, पण शारजाहून दुबईत शिरताना मी नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये अडकले आणि प्रदर्शनाच्या हॉलवर पोचेपर्यंत पेट्या उतरवूनही झाल्या होत्या. सोमनाथ म्हणाला, "मॅडम, तुमचे पाहुणे आले. चहा विचारला, पण बोलत नाहीत." हा सोमनाथ आमचा साइट सुपरवायझर, सिन्नरचा. सगळ्याची थट्टा करतो. मी हसले नाही. काही गोष्टींपुढे हसू नये.

ग्रीनलंडच्या अगदी उत्तरेला, जिथे झाड नाही, गाव नाही, भर उन्हाळ्यातही विमानाशिवाय जाता येत नाही, तिथे सिरियस पॅसेट नावाची जागा आहे. बर्फाच्या कडेचा एक उतार. बावन्न कोटी वर्षांपूर्वी तो उतार समुद्राचा तळ होता. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नव्हताच, म्हणून जे मेलं ते कुजलं नाही. दबलं, सपाट झालं आणि राहिलं. त्या दगडाच्या नऊ पाट्या आता आमच्या हॉलमध्ये आहेत. पृथ्वीवर प्राणी म्हणून जगायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांतले काही.

नुसतं पाहिलं तर काहीच दिसत नाही. राखाडी पाटी. पाट्यांबरोबर डेन्मार्कहून आलेल्या डॉ. मारेन यांनी टॉर्च आडवी धरली आणि सातव्या पाटीत एक प्राणी उठून आला. तळहाताएवढा, दोन्ही बाजूंना झालरीसारखे पंख. त्याला अजून नाव नाही. जगात असा हा एकच सापडलाय. असा दगड फोडला की ठशाचे समोरासमोरचे दोन भाग मिळतात, पण याचा दुसरा भाग त्या उतारावर कुणालाच मिळाला नाही. डोक्याच्या जागी एक काळसर पापुद्रा आहे. मारेन म्हणाल्या, तो मेंदूचा असू शकतो. इथलं प्रदर्शन संपलं की तो पापुद्रा तपासायचा. तोवर त्याला काही लागता कामा नये.

मी दापोलीत शाळेत होते तेव्हापासून बोलते आहे. आखातात आल्यावर मंडळाच्या स्टेजवर बोलले, बायकांच्या मेळाव्यात बोलले, वर्गात वीस वर्षं बोलले. पण बोलण्यासारखं इतकं मोठं मला कधी मिळालं नव्हतं. प्रदर्शनाच्या शिक्षण विभागाची ही नोकरी मिळाली तेव्हा माझा नवरा जहूर म्हणाला होता, "दगडांना तरी ऐकावंच लागेल." म्हणू दे. सत्तावीसला उद्घाटन आहे आणि भाषण माझं आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज कामगारांशी बोलले. फादीने, म्हणजे आमच्या लेबनीज प्रोजेक्ट मॅनेजरने, हे काम माझ्यावर टाकलं होतं: पाट्या कशा हाताळायच्या ते सगळ्यांना समजावायचं. मारेन यांनी त्यासाठी इंग्रजीत दोन पानं दिली होती. हातमोजे कुठले, तापमान किती, काय चालेल, काय अजिबात नाही. बरोबर असेलही, पण कोरडं. असल्या कागदाने माणूस हलत नाही. माणूस हलतो ते त्याला आपण काय हातात धरलंय हे कळलं की.

म्हणून मी कागद बाजूला ठेवला आणि बोलले. आधी हिंदीत, मग आपली चार-पाच माणसं समोर दिसली म्हणून मराठीत. म्हणाले, या पेटीत दगड नाही, या पेटीत तुमचा-माझा पूर्वज आहे. पठाणाचा, मल्याळ्याचा, कोकणातल्या माणसाचा आणि घाटावरच्या माणसाचा एकच पूर्वज. याला मजुरासारखं उचलू नका, नातवासारखं उचला. सगळे गप्प झाले होते. ती शांतता मी ओळखते. ती फुकट मिळत नाही.

नंतर एक जण मागे राहिला. दगडू, आटपाडीकडचा. चाळिशी उलटलेला, बारीक अंगाचा, काचेच्या केसेस बसवण्याच्या टोळीत आहे. जरा घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या बांधावर बी हाय असा एक. थोरला म्हंत्यात त्येला. आमच्या मूळ पुरुषाचा दगूड." मी विचारलं, त्याचं काय करता तुम्ही? "काय न्हाई. अमावस्येला तेल घालायचं. तसाच कोरडा ठेवला तर घरात कुणाचं तरी वाईट व्हतंय. आन तेल घातलं की काळा कुळकुळीत व्हतोय, नाक डोळं सगळं वर येतंय."

तासभर घसा कोरडा करून मी जे सांगत होते, ते या माणसाकडे आधीपासून होतं. मी म्हणाले, "दगडू, हेच. मला हेच म्हणायचं होतं. याला तसाच जप." तो म्हणाला, "व्हय मॅडम."

त्याची मुलगी स्वप्नाली मिरजेला नर्सिंग शिकते, दुसरं वर्ष. तिचं शिक्षण होईपर्यंत इथला व्हिसा टिकला की झालं, मग एक दिवससुद्धा राहायचं नाही, असं सांगत होता. नातवंडांना वाळवंट दाखवणार नाही म्हणाला. मी खूप हसले.

हा थोरल्याचा दाखला भाषणात घेणार. शेवटाकडे. मारेन यांची पानं वाचायची राहून गेली, ती सोमनाथकडे दिली आहेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भाषणाचा मधला भाग जमत नाही. सुरुवात आहे, शेवट आहे, मध्ये नुसते आकडे. जेवताना घरच्यांना म्हणून दाखवायला गेले तर अर्सलान म्हणाला, "अम्मी, प्लीज, नो स्पीच ॲट डिनर." सतरा वर्षांचा मुलगा. त्याच्या वयात मी वक्तृत्वाचे कप आणत होते. जहूरला शारजात, रोल्ला बाजारातल्या आपल्या दुकानासमोर आज पार्किंगचा दंड बसला, त्याने तो दिरहममध्ये सांगितला, मग रुपयांत करून मोठ्याने सांगितला आणि मग जेवला नाही. या घरात बावन्न कोटी वर्षं कुणाला हवी आहेत?

कधी कधी वाटतं मी फार बोलते. लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. पण लगेच वाटतं, जे गप्प बसतात त्यांनी जगाचं काय भलं केलं?

हॉलवर दगडू जेवणाच्या सुट्टीत सातव्या पाटीपाशी उभा असतो. डबा खाऊन येतो आणि उभा राहतो. सोमनाथ त्याला चिडवतो, "काय रे, सासुरवाडी आहे का?" मला बरं वाटतं. एका माणसापर्यंत तरी पोचलं.

सोमनाथला विचारलं, पानं वाचून दाखवलीस का? म्हणाला, नोटीसबोर्डावर लावलीत. इंग्रजीत? "मॅडम, बोर्डावर सगळंच इंग्रजीत असतं." म्हटलं, त्यांना समजावून सांग. तो म्हणाला, इन्शाल्ला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुपारी सुट्टी संपल्यावर मी हॉलमध्ये आले. सातव्या पाटीची केस उघडी होती, दिवे जोडायचे बाकी होते. लांबूनच दिसलं की पाटीवर काहीतरी आहे. जवळ गेले. तो प्राणी समोर होता. टॉर्च नाही, काही नाही, उघड्या डोळ्यांना दिसत होता. काळ्या कुळकुळीत दगडावर त्याची झालर, पोटातली रेघ, डोकं. मी इतकी खूश झाले की धावत जाऊन मारेनना बोलावून आणलं. म्हणाले, या, बघा, किती स्पष्ट दिसतोय.

मारेन आल्या. वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मग त्यांनी नाक जवळ नेलं. तेव्हा मलाही वास आला. खोबरेल. आपल्या घरातला, न्हाणीघरातला वास. मारेन केसच्या पायाला टेकून खाली जमिनीवर बसल्या.

दगडू खांबाशी उभा होता. हातात नवा पंचा, घडी केलेला. त्याला वाटलं मारेनना चक्कर आली, तो पाणी आणायला निघाला. मी त्याला थांबवलं आणि विचारलं, काय केलंस? तो म्हणाला, "आज अमावस्या हाय न्हवं. ह्येचं हितं कुणीच न्हाई."

मी ओरडले. सगळा हॉल ऐकत होता. कुणी सांगितलं होतं तुला, म्हणाले. तुला अक्कल आहे का, म्हणाले. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मान खाली घातली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मारेन यांनी सांगितलं ते असं. दगडाला केसासारख्या बारीक भेगा असतात, तेल आत गेलं आहे. ते काढायला काहीही लावलं तरी दगडात आणखी काहीतरी जाणार. पापुद्रा पंचाने पुसला गेला, डोक्याकडचा जवळजवळ सगळा. उरलेल्या भागाची तपासणी केली तर उत्तर खोबरेलाचं येईल. प्राणी दिसतो, फोटो काढता येतील. पण जे शोधायला त्या तिथे तीन उन्हाळे तंबूत राहिल्या ते आता कळणार नाही. तो पंचा त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आहे. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मनात एक गोष्ट येते आणि जाते. त्या दिवशी मी दगडूला काय म्हणाले होते? पण ती बोलण्याची रीत होती. रूपक. वक्ता प्रत्येक वाक्याखाली टीप देत बसला तर बोलणार कधी? आणि पानं सोमनाथकडे होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

सोमनाथ दगडूला घेऊन जहूरच्या दुकानात आला. सुट्टीचा दिवस, रोल्लामध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जहूरने दोघांना मागच्या बाजूला, खजुराच्या खोक्यांवर बसवलं आणि मला घरून बोलावलं.

मंगळवारी चौकशी आहे. विमा कंपनीचा माणूस येणार. सोमनाथने सगळं मांडलं, यावेळी थट्टा न करता. विमा अपघाताला असतो, मुद्दाम केलेल्याला नसतो. अपघात ठरला तर पैसे विमा देईल, दगडूला दुसऱ्या साइटवर टाकतील, विषय संपला. मुद्दाम ठरलं तर सगळं कंपनीच्या अंगावर आणि कंपनी दगडूला त्याच आठवड्यात घरी पाठवेल. म्हणून असं सांगायचं: केसच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, दगडूने जवळचं खोबरेल घातलं, बाटली निसटली, घाबरून पुसायला गेला. मारेनना विचारलं होतं का, मी म्हटलं. तो म्हणाला, विचारलं. त्या म्हणाल्या, मला दगडाबद्दल विचारलं तर सांगेन, माणसाबद्दल मला काही ठाऊक नाही.

म्हणजे त्यासुद्धा सामील.

"तुमचं काम एवढंच," सोमनाथ म्हणाला. "दगडू मराठीत बोलेल, तुम्ही त्याचं इंग्लिश करायचं. फादीला माझं इंग्लिश नको, तुमचं पाहिजे. मॅडम, फक्त भाषांतर."

मी विचारलं, आणि खोटं? एक माणूस इतक्या श्रद्धेने काही करतो आणि आपण त्याला धांदरट ठरवायचं? दगडू, तुला हे चालेल? दगडू खोक्यावर बसून नखाने पुठ्ठा खरवडत होता. म्हणाला, "चालंल की. स्वप्नीचं वरीस-दीड वरीस ऱ्हायलंय." जहूरने त्याला चहा दिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बिलकीस, मंगळवारी पाण्याची बाटली घेऊन जा. बोलावंसं वाटलं की घोट घे."

ते गेल्यावर जहूरने विचारलं, तू त्यांना त्या दिवशी नक्की काय सांगितलं होतंस? मी सांगितलं. तो बराच वेळ हिशेबाच्या मशीनची बटणं दाबत राहिला. मग म्हणाला, "मंगळवारी गप्प बस. तुझ्यासाठी पण."

माझ्यासाठी? मला कसली भीती आहे? मी आयुष्यात कधी भीतीने गप्प बसलेले नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी खरं बोलले. ते नीट लिहून ठेवायला हवं.

छोटी मीटिंग रूम, एसी फार थंड. फादी, विमा कंपनीचा माणूस, मारेन, सोमनाथ, दगडू आणि मी. दगडूने धुतलेला शर्ट घातला होता, बटणं गळ्यापर्यंत. आधी मारेनना दगडाबद्दल विचारलं. त्यांनी दगडाबद्दलच सांगितलं. मग दगडूची पाळी.

तो पाठ करून आला होता. "दाराची बिजागरी वाजत हुती. माझ्याकडं तेल हुतं. बाटली हातनं निसटली." मी त्याचं इंग्रजी केलं. वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच त्याची घाण वाटली. विम्याचा माणूस लिहून घेत होता. फादीच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं. सगळे किती सहज खोट्यात उतरले होते. खोलीत एकटा जो पूर्ण निष्पाप होता, त्यालाच मूर्ख ठरवून सगळे सुटणार होते. आणि ते माझ्या तोंडून.

मी म्हणाले, एक मिनिट. हे भाषांतर बरोबर आहे, पण गोष्ट खरी नाही.

सोमनाथने डोळे मिटले.

मग मी बोलले. किती वेळ ते माहीत नाही. सांगितलं की या माणसाच्या गावात पूर्वजाचा दगड असतो. की ही माणसं आपल्या मुळाला विसरत नाहीत. आपण त्या प्राण्याला बॉक्स नंबर सात म्हणत होतो, याने एकट्याने त्याला घरचा मानला. परक्या देशात त्याला तेल घालायला कुणी नाही, या एका दुःखाने याने तेल घातलं. विज्ञानाने जे सिद्ध केलं ते याच्या हाताला आधीच माहीत होतं. याला धांदरट म्हणून वाचवू नका, म्हणाले, याला माणूस म्हणून बघा. शेवटच्या वाक्याला माझा आवाज भरून आला होता. मारेन खिडकीबाहेर बघत होत्या, बहुतेक त्यांनाही आवरत नव्हतं.

शांतता झाली. मोठी शांतता.

मग विम्याच्या माणसाने विचारलं, "म्हणजे त्याने ते मुद्दाम लावलं?"

मी म्हणाले, मुद्दाम आणि प्रेमाने.

त्याने एक शब्द लिहिला, पेनाचं टोपण लावलं. फादीने अरबीत स्वतःशी काहीतरी पुटपुटलं आणि मला म्हणाला, त्याला विचारा, असं करायला त्याला कुणी सांगितलं होतं का. मी दगडूला मराठीत विचारलं. माझं एवढं इंग्रजी त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं. त्याने सोमनाथकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, सरळ, पापणी न हलवता. किती वेळ पाहत होता. मला वाटतं आपल्या बाजूने कुणीतरी पहिल्यांदाच उभं राहिलंय याचं त्याला आश्चर्य वाटत असावं.

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "माझ्या मनानं केलं."

हे वाक्य मी जसंच्या तसं भाषांतरित केलं.

बाहेर आल्यावर सोमनाथला म्हटलं, खरं बोलायला एवढी भीती कसली? तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला लेबर कॅम्पचं जेवण माहीत आहे का?" आणि निघून गेला. या उत्तराचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्घाटन झालं. सातव्या पाटीच्या जागी मोठा फोटो लावला आहे, तेल लावल्यानंतरचा. सगळ्यात जास्त गर्दी त्याच्याच समोर होती.

भाषणाचा मधला भाग आयत्या वेळी जमला. आकडे टाकून दिले आणि दगडूची गोष्ट सांगितली. नाव घेऊन सांगितली. त्याला अनाम ठेवायचं नाही असं ठरवलंच होतं. पहिल्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या थांबत नव्हत्या. नंतर एका शाळेच्या प्रिन्सिपल बाईंनी हात धरून विचारलं, तो माणूस कुठे आहे, आम्हाला भेटायचंय. मी हॉलभर नजर टाकली. मग आठवलं की मंगळवारपासून त्याला आत यायला मनाई आहे.

मारेन टाळ्या वाजायच्या आधीच निघून गेल्या होत्या. उद्या त्यांचं विमान आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

दगडूचा व्हिसा रद्द झाला. सोमनाथने कळवलं, एका ओळीत. मी फादीकडे गेले, अर्धा तास बोलले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला की तुम्ही फार सुंदर बोलता, त्या दिवशीही सुंदर बोललात.

खाली आले तर पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते आठवेना. बराच वेळ फिरत होते.

९ डिसेंबर, मंगळवार

विमानतळावर गेले होते. जहूर नको म्हणत होता. सोमनाथ दगडूला कंपनीच्या व्हॅनमधून घेऊन आला. एक बॅग आणि दोरीने बांधलेलं एक ब्लँकेट. मी मिठाईचा डबा नेला होता. त्याने घेतला, दोन्ही हातांनी.

मला त्याला खूप सांगायचं होतं. की इतक्या लोकांपुढे त्याचं नाव घेतलं, लोक रडले. की आज कळत नसलं तरी त्याने मान खाली घालायचं काही कारण नाही. मी सांगितलं. तो ऐकत होता, ट्रॉल्या जात होत्या तिकडे बघत. मग त्याने विचारलं, "मॅडम, मी त्येला तेल घातलं ते वाईट केलं का चांगलं?"

मी म्हणाले, चांगलं. म्हणजे, तुझ्या बाजूने चांगलं. विज्ञानाच्या बाजूने नुकसान झालं, पण हेतू...

"मग मला का धाडत्यात?"

सोमनाथ म्हणाला, चल, यल्ला, काउंटर बंद होईल. दगडू गेला. आत जाताना त्याने मागे वळून सोमनाथला हात केला.

परत येताना गाडीत मी त्या प्रश्नाचं उत्तर तयार केलं. चांगलं उत्तर होतं. तिथेच सुचायला हवं होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दहा दिवस दगडूची काही खबर नाही. त्याचा नंबर बंद. सोमनाथकडे त्याच्या बायकोचा नंबर मागितला. तो म्हणाला, "मॅडम, नका करू फोन." मी म्हणाले, मी त्या माणसाला वाऱ्यावर सोडलेलं नाही, तिला हे कळायला हवं. दुपारपर्यंत तो टाळत राहिला, मग नंबर पाठवला. त्याखाली एक शब्दही नाही.

जहूर आणि अर्सलान नमाजला गेले होते. घर रिकामं. बोटिम ॲपवरून फोन लावला. कावेरी नाव तिचं. आधी तिला वाटलं मी कंपनीतून बोलते, तिने घाबरून कुणाला तरी हाक मारली. मग मी कोण ते सांगितलं.

"हां," ती म्हणाली. "बोलणाऱ्या बाई."

दगडू कसा आहे, मी विचारलं. बरं हायत, म्हणाली. रानात जात्यात, घरी येत्यात, बोलत न्हाईत. स्वप्नी आलीया घरी, पुढचं काय ठरंना. मग तिने आवाज खाली आणला. गावात तेलाची गोष्ट सांगितली तर कुणाला खरी वाटेना. दगडाला तेल घातलं म्हणून कुणी दुबईवरनं धाडतंय व्हय, असं तोंडावर विचारतात. काहीतरी चोरलं असेल, पकडला असेल, असंच सगळ्यांनी धरलंय. स्वप्नालीला बघायला येणार होते, त्यांनी निरोप धाडला की आता नको. आणि दगडूने थोरल्याला तेल घालायचं सोडलं. आज अमावस्या, तरी गेलाच नाही.

"बाई, माझं एक काम करा," ती म्हणाली. "भावकीतले चार जण हितं बसलेत. मी फोन मोठ्यानं करते. तुम्ही शिकलेल्या हाय, तुमचं ऐकत्याल. एवढंच सांगा, की बाटली हातनं निसटली. काम करताना निसटली, तेवढ्यावरनं धाडला. ह्यांला ते समजंल. बाटली कुणाच्या बी हातनं निसटती."

मी तिला थांबवलं. म्हणाले, कावेरी, फोन मोठा कर, मी सांगते, पण हे नाही सांगणार. आणि मी सांगितलं. त्या चारही जणांना उद्देशून, नावं माहीत नव्हती तरी दादा म्हणून. की तुमच्या गावच्या माणसाने चोरी केली नाही आणि चूकही केली नाही. की ज्या दगडापुढे जगातले शास्त्रज्ञ मान झुकवतात, तो याने आपला म्हणून ओळखला. की खोटं बोलून त्याची नोकरी टिकली असती, पण तो खोट्याच्या वर उभा राहिला. आत्ता तुम्हाला पटत नसेल, पण तुमची नातवंडं याचं नाव घेतील. गाडीत तयार केलेलं उत्तरही घातलं, तिथे ते नेमकं बसलं. मधे मधे थांबून मी कानोसा घेत होते. पलीकडे एकही आवाज नव्हता. ती शांतता मी ओळखते.

शेवटचं वाक्य म्हणून झालं आणि मी विचारलं, ऐकताय ना?

फोन कानापासून दूर केला तर पडदा काळा होता. कॉल कधी कट झाला ते कळायला मार्ग नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग नंबर लागेनासाच झाला. नेटवर्क खराब असेल. आटपाडीकडे असतं तसं.

उद्या परत करीन. सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.